माझी मान ठीक होती

ज्या आजाराबद्दल मी लिहितो आहे त्याने कोणी मरत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याने उगीच धास्ती घेऊ नये. मनगटात एक नस दबते, बोटांना मुंग्या येतात. वेळेवर कळलं तर बहुतेकदा झोपताना पट्टा बांधून भागतं, उशीर झाला तर पंधरा-वीस मिनिटांचं ऑपरेशन. डॉक्टर त्याला कार्पल टनेल म्हणतात. माझ्या बाबतीत ते तसं वेळेवर कळलं होतं. तरीही ऑपरेशन करावं लागलं, आणि त्याचं कारण डॉक्टरांच्या हातात नव्हतं.

ज्यांच्या बोटांना मुंग्या येतात आणि उपचार मात्र मानेवर चालू आहेत, त्यांना यातून एका तपासणीची माहिती मिळेल. ज्यांना आजारी असणं मनातून बरं वाटू लागलं आहे, त्यांनी नुसतं वाचावं. त्यांना सल्ला देण्याचा अधिकार मला नाही.

गळपट्टा

मी मूळचा कराडचा. चंडीगडला केंद्र सरकारच्या एका कार्यालयात अनुवादक आहे. इंग्रजी परिपत्रकं हिंदीत करायची, दिवसभर टायपिंग. वय त्रेपन्न. घरी बायको सुनीता आणि एकुलती मुलगी मुक्ता. मुक्ता आता सव्वीस वर्षांची आहे. आयटी पार्कमधल्या एका कंपनीत नोकरी करते. ती चार वर्षांची असताना माझी इथे बदली झाली. ती दहाची झाली तेव्हा मला गुवाहाटीला पाठवलं. तिची शाळा मोडायला नको म्हणून या दोघी इथेच राहिल्या आणि मी चार वर्षं तिकडे एकटा काढली. परत आलो तेव्हा मुलगी माझ्याशी हिंदीत बोलत होती. मराठी तिला सगळं कळतं. उत्तर मात्र हिंदीत येतं, आणि मला ती ‘आप’ म्हणते.

मुंग्यांची सुरुवात मार्चच्या सुमारास झाली. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं सकाळी उठताना बधिर असायची. हात झटकला की बरं वाटायचं. पुढे शर्टाची बटणं लागेनात. स्कूटरवर पाच मिनिटांत हात झोपायचा. चहाचा कप एकदा हातातून सुटला, तेव्हा सुनीताने मला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी मानेचा एक्स-रे काढला, मग एमआरआय. माझ्या वयाच्या बहुतेक माणसांच्या मानेत काही ना काही निघतं, हे मला पुढे कळलं. तेव्हा एवढंच ऐकलं की दोन मणक्यांमधली चकती सरकली आहे. गळ्यात पट्टा घालायचा, वजन उचलायचं नाही, मानेला ताण देण्याच्या व्यायामाला जायचं. उठता उठता ते म्हणाले, “आराम नहीं आया तो आगे चलके सर्जरी का भी सोच सकते हैं।”

त्या वाक्यातला ‘तो’ घरी पोचलाच नाही. घरी पोचलं फक्त ‘सर्जरी’.

जूनमध्ये मुक्ताच्या कंपनीने तिला पुण्याच्या कार्यालयात टीम लीडची जागा देऊ केली. आम्हाला तिने हे सांगितलं ते नकार कळवून झाल्यावर. भाजी निवडता निवडता म्हणाली, “मैंने बोल दिया उनको, अभी नहीं। छह महीने बाद देखेंगे।”

“अगं, पण का?” सुनीता म्हणाली.

“का क्या, आई? इनकी गर्दन का ऑपरेशन हुआ तो आप अकेली भागोगी क्या हॉस्पिटल?”

मी शेजारच्या खोलीत होतो. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही असेल थोडं. पण त्याहून जास्त जे वाटलं त्याला बरं वाटणं असंच म्हणतात.

पुढची खुर्ची

गळपट्टा घातलेल्या माणसाला लोक जागा देतात. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मी एरवी मागे, चपलांच्या ढिगाजवळ उभा असतो. त्या वर्षी मला पहिल्या रांगेत बसवलं, चंडीमंदिर छावणीतल्या लष्करी साहेबांच्या शेजारी. एका कर्नलसाहेबांनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि म्हणाले, “पाटणकर, सॅल्यूट करता येतोय ना? मग मान जिवंत आहे. काळजी करू नका.” सगळे हसले. मीही हसलो. पट्ट्यात हसताना हनुवटीला रेक्झिन लागतं.

घरात सुनीता सिलिंडर सरकवायची, पिठाचा डबा उचलायची, गव्हाची पोती वर न्यायची. मुक्ता सहा-साडेसहाला घरी यायची. पूर्वी ती थेट खोलीत जायची आणि दार लागायचं. आता आधी माझ्याजवळ यायची, पट्ट्याचं वेल्क्रो सोडायची, मानेला मलम चोळायची. चोळता चोळता बोलायची. तिचा वरिष्ठ किती बावळट आहे, कॅन्टीनमध्ये राजमा कसा पाणचट असतो, तिची मैत्रीण कॅनडाला कशी गेली. चार वर्षं मी गुवाहाटीत होतो तेव्हा तिच्या आयुष्यात काय चाललं होतं ते मला माहीत नाही. आता रोज अर्धा तास माहीत होऊ लागलं.

मुंग्या मात्र तशाच होत्या. मलम मानेवर, मुंग्या बोटांत.

भैंसवाली चाची

कार्यालयात माझ्या शेजारच्या टेबलावर गुरमीतजी बसतात. माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, रोपडजवळच्या गावचे. ते कामापेक्षा माझ्याकडे जास्त बघतात असं मी त्यांना नेहमी म्हणतो. डिसेंबरमध्ये एकदा म्हणाले, “पाटणकर साब, एक बात बताओ। बीमार आपकी गर्दन है, और झटकते आप हाथ हो। दिन में पचास बार।”

“नस गर्दन से आती है जी.”

“आती होगी। मेरी चाची भी ऐसे ही झटकती थी। सारी उमर भैंसें दुहीं उसने। दो साल गर्दन की सिकाई कराई। फिर बड़े अस्पताल में करंट वाला टेस्ट हुआ, निकली कलाई। जाओ, करा के आओ। भैंस नहीं दुहते तो क्या हुआ, हिंदी तो दुहते हो।”

त्यांच्या भाच्याची त्या हॉस्पिटलात ओळख होती. दोन दिवसांनी दुपारची वेळ मिळाली. घरी सांगितलं नाही. ते लपवणं नव्हतं. काही निघणार नाही असं वाटलं, म्हणून सांगितलं नाही एवढंच.

हात गरम करा

नर्व्ह कंडक्शन टेस्ट, म्हणजे नसेतून विजेचा संदेश किती वेगाने जातो ते मोजणं. जाणाऱ्यांसाठी सांगतो: हाताला तेल, क्रीम काही लावून जाऊ नका, अंगठी-घड्याळ काढून ठेवा, बाही वर जाईल असा शर्ट घाला. मी दोन स्वेटर घालून गेलो होतो. ते काढण्यातच पाच मिनिटं गेली, आणि गळपट्टा काढावा लागला तो वेगळाच.

डॉक्टर तिशीतल्या होत्या, बोलण्यावरून हिमाचलच्या वाटल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, “बर्फ है ये तो। अंकलजी, ठंडे हाथ की रीडिंग ग़लत आती है। पहले गरम करो।” मला गरम पाण्याची रबरी पिशवी दिली आणि ती मांडीवर घेऊन पंधरा मिनिटं बाहेर बसवलं. माझ्या शेजारी एक आजी बसल्या होत्या, त्यांच्याही मांडीवर तशीच पिशवी होती. आम्ही दोघं हात शेकत बसलो.

मग आत. बोटांत तारांच्या कड्या घातल्या, तळव्यावर गार जेल लावून चकत्या चिकटवल्या. मनगटावर दोन टोकांची एक कांडी टेकवली. “टक-टक होगा। हाथ ढीला छोड़ो।” पहिला झटका कपडे काढताना हिवाळ्यात बसतो तसा होता. पुढचे वाढत गेले. एका झटक्याला माझा अंगठा आपोआप उडाला. माझा स्वतःचा अंगठा, मी न सांगता. मला थोडं हसू आलं आणि थोडी भीतीही वाटली.

पडद्यावर रेघा उमटत होत्या. डॉक्टर डावा हात तपासायच्या, आकडा लिहायच्या, मग उजवा. उजव्याला जरा थांबायच्या.

“छोटी उंगली में होता है?”

“नहीं. तिच्यात कधीच नाही.” मी अर्धं मराठीत बोललो.

“पहले किसी ने पूछा नहीं ये?”

“नहीं.”

नंतर बारीक सुई. अंगठ्याच्या बुडाच्या मांसात, मग दंडात, मग मानेच्या मागे. सुई टोचली की यंत्रातून आवाज येतो, पत्र्यावर वाळू पडावी तसा. दुखतं, पण सांगतात तेवढं नाही. “ज़ोर लगाओ, अंगूठे से मेरी उंगली दबाओ,” असं त्या म्हणायच्या. मी दाबायचो. मला वाटायचं मी भरपूर दाबतो आहे.

सगळं झाल्यावर हात पुसायला कागद देत त्या म्हणाल्या, “अंकलजी, गर्दन में कुछ नहीं है। जो थोड़ा-बहुत एमआरआय में है वो सबको होता है। कलाई में एक तंग रास्ता है, नस वहाँ दबी हुई है। बीच का दर्जा है, अभी मांस को नुकसान नहीं। ये वाला पट्टा लीजिए, रात को पहनना है। सिर्फ़ रात को, पर रोज़। दो महीने बाद आइए। शायद सर्जरी भी न लगे। और वो कॉलर फेंक दीजिए।”

मी हातावरचं जेल पुसत राहिलो.

“ख़ुश हो जाइए,” त्या म्हणाल्या. “लोग यहाँ से रोते हुए भी जाते हैं।”

ठीक

हॉस्पिटलबाहेरच्या दुकानातून मनगटाचा पट्टा घेतला. निळा, आत धातूची पट्टी. कार्यालयात परत आलो. रिपोर्ट खणात ठेवला, पट्टाही. सहा वाजता गळपट्टा पुन्हा गळ्यात बांधला, कारण सकाळी तो घालूनच घरून निघालो होतो. सांगितल्यावर काढू, असं मनात होतं. हे मी खरं लिहितो आहे.

दार मुक्ताने उघडलं. माझी बॅग घेतली. “आज एक्सरसाइज़ पे गए थे? कैसा रहा?”

“ठीक,” मी म्हणालो.

तिने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, “आई, बाबा आ गए, चाय चढ़ाओ,” आणि माझ्या मानेमागचं वेल्क्रो सोडलं. तो अर्धा तास तसाच गेला. दुसऱ्या दिवशी सांगायचं तर आदल्या दिवशी का नाही सांगितलं हेही सांगावं लागणार होतं. तिसऱ्या दिवशी दोन दिवसांचं.

आमच्या कार्यालयात एक पद्धत आहे. ज्या पत्राचं उत्तर द्यायचं नसतं त्याला कोणी ‘नाही’ म्हणत नाही. ते पत्र ‘विचाराधीन’ म्हणून खणात ठेवतात. तारीख उलटते आणि प्रश्न आपोआप मिटतो. कोणीच काही केलेलं नसतं, त्यामुळे दोषही कोणाचा नसतो. हा शब्द मी अठ्ठावीस वर्षं अनुवादात वापरत आलो आहे. मी माझा रिपोर्ट विचाराधीन ठेवला.

मनगटाचा पट्टा झोपताना घालायचा होता. घरी तो घालता येत नव्हता, कारण मग तो कशाचा ते सांगावं लागलं असतं. म्हणून मी तो कार्यालयात घालू लागलो, दिवसा. घरी गळपट्टा.

गुरमीतजींना रिपोर्ट ठाऊक होता. आठवडाभर त्यांनी पाहिलं. मग म्हणाले, “रात वाला दिन में, और जो फेंकना था वो घर में। पाटणकर साब, आपने ड्यूटी चार्ट उल्टा लगा रखा है।”

“आदत हो जाएगी धीरे-धीरे.”

“भाभीजी को बताया?”

“बताऊँगा.”

ते माझ्याकडे बघत राहिले. “चाची ने तो उसी दिन लड्डू बाँटे थे,” म्हणाले, आणि आपल्या फाइलीकडे वळले. नंतर त्यांनी हा विषय काढला नाही. त्यांचं न विचारणं मला जास्त लागायचं.

जानेवारीत सुनीताने विचारलं, “अहो, त्या हाडांच्या डॉक्टरांकडे कधी जायचं? पाच महिने होऊन गेले.”

“ते म्हणालेत, थोडं थांबा.”

ते असं काहीही म्हणाले नव्हते. मी त्यांच्याकडे ऑगस्टनंतर गेलोच नव्हतो. पहिल्या दिवशीचं ‘ठीक’ मला निसटलेलं म्हणता येईल. हे वाक्य मी बनवलं होतं.

बाल्कनी

फेब्रुवारीत पुण्याच्या जागेचा पुन्हा फोन आला. त्यांनी तिच्यासाठी ती खरोखरच थांबवून ठेवली होती. शेवटचं विचारत होते, महिनाअखेर उत्तर हवं होतं. मुक्ता एक दिवस माझ्यासमोर येऊन बसली.

“बाबा, एक बात सच-सच बताओ। डॉक्टर क्या बोल रहे हैं? अप्रैल तक ठीक हो जाओगे?”

“बघू,” मी म्हणालो.

“बघू मतलब?”

“मतलब... मानेचं काही सांगता येत नाही गं.”

तिने मान हलवली. चिडली नाही. तोंड पाडलं नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण ती चिडली असती तर कदाचित मी बोललो असतो.

त्या रविवारी सकाळी ती फोन घेऊन बाल्कनीत गेली. थंडी होती, दार तिने ओढून घेतलं, पण पूर्ण लागलं नाही. मी आत खुर्चीवर बसलो होतो, गळ्यात पट्टा, समोर वर्तमानपत्र. तिचं बोलणं ऐकू येत होतं. “नहीं सर, मन तो था... पापा की तबीयत... जी, सर्जरी का चांस है... नहीं-नहीं, आप किसी और को दे दीजिए। आपको कब तक लटकाऊँगी।”

खुर्चीपासून दारापर्यंत सहा पावलं आहेत. मी नंतर मोजली. माझी मान ठीक होती, पाय ठीक होते. मी उठलो नाही. वर्तमानपत्राचं पान उलटायला गेलो, ते बधिर बोटांत धड धरता आलं नाही, आणि तेवढ्यात ती आत आली.

“हो गया,” ती म्हणाली. “चाय पियोगे?”

“थोडी,” मी म्हणालो.

या आजारात माझ्या हातून जे काही झालं त्यात मी सगळ्यात जास्त या ‘थोडी’ला घाबरतो.

दुसरी तपासणी

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी पुन्हा हॉस्पिटलात गेलो. या वेळी हात गरम करावे लागले नाहीत. त्याच डॉक्टर, त्याच कड्या, तेच झटके. एका झटक्याला मी अंगठ्याकडे बघत होतो. तो जेमतेम हलला.

त्यांनी माझे दोन्ही तळवे शेजारी शेजारी ठेवले. उजव्या अंगठ्याच्या बुडाचा फुगवटा बसला होता. मला रोज दिसत असणार, पण मी पाहिला नव्हता.

“पट्टा लगाया?”

“लगाया.”

“रात को?”

मी बाही खाली ओढू लागलो.

“अंकलजी, मैं डाँट नहीं रही। मुझे लिखना है, इसलिए पूछ रही हूँ।”

“दिन में लगाया. ऑफिस में.”

“क्यों?”

हे मला कोणीतरी पहिल्यांदाच विचारत होतं. त्या अनोळखी होत्या, माझ्या मुलीपेक्षा थोड्याशाच मोठ्या. मी सांगून टाकलं, सगळं, चार-पाच वाक्यांत. पुणं, बाल्कनी, गळपट्टा. त्यांनी ऐकून झाल्यावर पेन उचललं.

“अब सर्जरी करवा लीजिए, देर मत कीजिए। मांस सूखने लगा है। रास्ता खोल देंगे, मुंग्या-वुंग्या जो आप कहते हैं वो चली जाएँगी। अंगूठे की ताक़त कितनी लौटेगी, वादा नहीं करती।” मग कागद देताना म्हणाल्या, “साथ में घर से कोई आना चाहिए। और उनको पता हो कि किस चीज़ के लिए आए हैं।”

दोन रिपोर्ट

संध्याकाळी मी गळपट्टा हातात घेऊनच घरी गेलो. जेवणाच्या टेबलावर दोन्ही रिपोर्ट ठेवले आणि दोघींना बसायला सांगितलं. आधी काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो. ते आठवलं नाही. म्हणालो, “माझी मान ठीक आहे. डिसेंबरपासून मला माहीत आहे.”

सुनीताने आधी देवाकडे हात जोडले. अर्धं वाक्यच तिच्यापर्यंत पोचलं होतं. मुक्ताने रिपोर्ट ओढून घेतले. आकडे तिने पाहिले नाहीत, वरची तारीख पाहिली. पहिल्याची, मग दुसऱ्याची, मग पुन्हा पहिल्याची.

“मेरे फ़ोन से पहले का है ये,” ती म्हणाली.

“हो.”

“आप अंदर बैठे थे.”

“हो.”

“सुन रहे थे?”

“हो.”

सुनीताला आता पूर्ण कळलं. ती एकदम मोठ्याने बोलणारी बाई नाही. “मला फसवलंत ते सोडा,” ती म्हणाली. “सिलिंडर ओढले, पोती वर नेली, ते मी तशीही नेली असती. पण पोरीची जागा गेली हो. कुणाच्या दुखण्यापायी गेली असती तर मी तुम्हाला शब्द बोलले नसते. कशापायी गेली ते तरी सांगा.”

मी म्हणालो, “ती रोज माझ्याशी बोलत होती. ते थांबलं असतं.”

मुक्ताने कागद माझ्याकडे परत सरकवले. मग म्हणाली, “बाबा, आप बोल देते ना कि मत जा। सीधा बोल देते। हो सकता है मैं रुक जाती। हो सकता है लड़ती। पर मैं तय करती ना। आपने तो मुझे पूछा ही नहीं।”

ती उठली आणि खोलीत गेली. दार हळूच लागलं. सुनीताने कागद गोळा केले, टेबल पुसलं, पानं मांडली. जेवायला मी आणि ती, दोघंच होतो.

त्यानंतर नऊ दिवस सुनीता माझ्याशी मोजकं बोलली. “भात हवाय?” “गिझर बंद करा.” तिने कुणाला काही सांगितलं नाही. मंडळातल्या बायकांनी मानेचं विचारलं तर “बरी आहे” एवढंच. तिने माझी लाज राखली, आणि ती कुठल्या मनाने राखली असेल ते मला विचारायचं धाडस नाही.

पंधरा मिनिटं

ऑपरेशनबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. हात तेवढा बधिर करतात, मध्ये हिरवा पडदा धरतात. दुसऱ्या बाजूला सर्जन आणि त्यांचे सहायक क्रिकेटवर बोलत होते. दाबल्यासारखं कळतं, दुखत नाही. पंधरा मिनिटं म्हणाले होते, वीस लागली. घरी जाताना हात वर धरून बसायचं असतं, उंच, शपथ घेतल्यासारखा. टाके निघेपर्यंत ओला होऊ द्यायचा नाही. मुंग्या त्याच आठवड्यात गेल्या. ज्यांनी घाबरून हे ऑपरेशन टाळलं आहे त्यांना एवढं नक्की सांगतो की टाळण्यासारखं त्यात काही नाही.

बरोबर मुक्ता आली होती. तिने रजा काढली होती. फॉर्मवर ‘रुग्णाशी नातं’ या रकान्यात तिने ‘बेटी’ लिहिलं आणि सही केली. गाडीत मी म्हणालो, “तुला यायची गरज नव्हती.”

“आई को गाड़ी नहीं आती,” ती म्हणाली.

यापलीकडे त्यात काही शोधायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं.

पुण्याची ती जागा दुसऱ्या मुलाला गेली होती. मुक्ताने पुन्हा अर्ज केला. साधी जागा मिळाली, इथल्याच हुद्द्याची, लीड नाही. मे महिन्यात रुजू व्हायचं होतं. जायच्या दोन दिवस आधी ती बॅग भरत होती, मी दारात उभा होतो. या वेळी तिने न विचारताच मी बोललो.

“मुक्ता, मला वाटतं तू जाऊ नयेस. कारण काही नाही. मला आवडणार नाही, एवढंच.”

तिने हातातला स्वेटर खाली ठेवला. माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच जरा हसली.

“अच्छा,” ती म्हणाली. “सुन लिया। मैं जा रही हूँ।”

“बरं,” मी म्हणालो.

आता

सुनीता बोलते. पूर्वीइतकं नाही, पण बोलते. सिलिंडर मी सरकवतो. अंगठ्यात पूर्ण जोर आलेला नाही. बाटलीचं घट्ट झाकण उघडत नाही, किल्ली दोन बोटांनी फिरवावी लागते. कार्यालयात माउस डाव्या हाताने वापरायला शिकलो. गुरमीतजींनी त्याबद्दलही काहीतरी म्हटलं आहे, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मुक्ताचा फोन रविवारी येतो. आईशी तासभर, माझ्याशी पाच-सात मिनिटं. हाताची चौकशी करते. सुरुवातीला मी “ठीक आहे” म्हणालो तर ती थांबायची आणि म्हणायची, “बाबा, फ़ोटो भेजो।” मग मी हात पालथा, उताणा धरून फोटो काढायचो. तिला माझा शब्द पुरत नाही. याबद्दल मी तिच्याकडे तक्रार केलेली नाही.

परवा तिसरी तपासणी झाली. नस कितपत सुधारली ते बघायला सहा महिन्यांनी बोलावलं होतं. पुन्हा कड्या, पुन्हा झटके. अंगठा उडाला, पण किती ते मला बघून कळेना. डॉक्टरांना दुसऱ्या रुग्णासाठी बोलावलं म्हणून त्या घाईत उठल्या. रिपोर्ट बाहेरच्या खिडकीवर मिळेल म्हणाल्या. वीस मिनिटांनी लिफाफा मिळाला. मी तो पायऱ्यांवर उभा राहून उघडला, कागद भिंतीवर सपाट धरला, तारीख नीट दिसेल असा फोटो काढला आणि मुक्ताला पाठवला. पोचल्याची खूण दिसेपर्यंत थांबलो. मग चष्मा लावला आणि वाचायला घेतला.